पुन्हा भेटू

काळ्या मातीत कबर केली की आमच्याकडे लगेच दगड बसवत नाहीत. एक पावसाळा जाऊ देतात. ही माती उन्हाळ्यात हात आत जाईल एवढी फाटते, पावसात फुगते, आणि घाईनं बसवलेला दगड वर्षाच्या आत एका अंगाला कलतो. आजी फेब्रुवारीत गेली. पाऊस झाला, पोळा झाला, दसरा झाला. कबरीवरचा उंचवटा हळूहळू खाली बसला, आणि दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे दगड बसवायला गावी जमलो. दगड घडवला होता मागच्या गल्लीतल्या चाचांनी. शहाबादी फरशी, वर क्रूस, मध्ये नाव आणि दोन तारखा, आणि सगळ्यात खाली काकांनी सांगितलेले दोन शब्द: पुन्हा भेटू. 'टू'चा ऊकार चाचांनी जरा जास्तच लांब ओढला होता, अगदी फरशीच्या काठापर्यंत. छिन्नीची पांढरी भुकटी अजून अक्षरांच्या खाचेत होती. काकूंनी पदराच्या टोकानं ती पुसून काढली.

प्रार्थना झाली, गीत झालं. एका नातेवाइकाबरोबर एक तरुण प्रचारक आले होते. मनानं चांगले, वचन तोंडपाठ, आवाजात कुठेही उर्मटपणा नाही. दगड वाचून ते म्हणाले, "शब्द छान आहेत. पण खाली वचन टाकलं असतं तर बरं झालं असतं. 'पुन्हा भेटू' हे सगळ्यांना लागू होत नाही ना. भेट होणार ती तारण पावलेल्यांची. बाकीच्यांना आजी कशा भेटणार?"

काकू थर्मासमधून चहा ओतत होत्या. त्यांचा हात थांबला.

कारण आमच्या घरात 'बाकीचे' म्हणजे कोण, ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. आज्यानं बाप्तिस्मा घेतला नव्हता.

रझाकाराच्या साली आजीचं लग्न झालं. ती मिशनच्या बोर्डिंगात चार बुकं शिकलेली, आणि आजा हलगीवाला. वेशीबाहेरची आमची वस्ती, वस्तीत निम्मी घरं ख्रिस्ती, निम्मी जुन्या चालीवर. नातीगोती सगळी एकमेकांत गुंतलेली. लग्नंही तशीच व्हायची, फार कोणी विचारायचं नाही. बाप्तिस्मा घ्यायचा तर हलगी खाली ठेवावी लागेल, असं तेव्हाच्या मंडळीत सांगत. मरीआईच्या गाड्यापुढं, लक्ष्मीच्या जत्रेत वाजवायचं आणि रविवारी प्रभुभोजन घ्यायचं, हे चालणार नव्हतं. हलगी खाली ठेवली तर सुगीचं बलुतं जाणार होतं, आणि घरात खाणारी तोंडं सात. आजा म्हणायचा, "मी वाजिवतो म्हणून तू गाऊ शकायलीस." यात वाद काहीच नव्हता. तो तसाच म्हणायचा, हलगीचं कातडं जाळावर शेकत, बोटानं ताण बघत.

पण दर रविवारी तो आजीला सायकलवर पुढं दांडीवर बसवून सहा मैलांवरच्या देवळात न्यायचा. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. आजी आत जायची. हा बाहेर लिंबाखाली बसायचा, सायकल झाडाला टेकवून. मी तो लिंब पाहिलाय, आज्याला त्याच्याखाली बसलेलंही पाहिलंय. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. आतलं गीत सुरू झालं की त्याची बोटं मांडीवर हलायची. उपासना संपून लोक बाहेर आले की तो उठून उभा राहायचा आणि पाळकसाहेबांना लवून जोहार घालायचा. १९८४ साली तापानं गेला. मंडळीच्या कबरस्थानात बाप्तिस्मा न झालेल्याला जागा द्यायची नाही, असा नियम होता. त्याला गावच्या गायरानाकडेला माती दिली. आजी चाळीस वर्षांनी देवळाच्या कबरस्थानात गेली. दोघांत सहा मैलांचं अंतर राहिलं.

दगड बसवून संभाजीनगरला परत आले तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. राग आला होता, हे खरं. पण रागाच्या खाली भीती होती, आणि ती जास्त जुनी होती. ते प्रचारक नवीन काही बोलले नव्हते. संडेस्कूलमध्ये मला शिकवलेलंच त्यांनी कबरीशी उभं राहून म्हणून दाखवलं. अरुंद दरवाजा, रुंद रस्ता. न्यायाच्या दिवशी तारण पावलेली मेंढरं उजवीकडे, बाकीची शेरडं डावीकडे. लहानपणी मी रात्री अंथरुणात पडून हिशेब करायचे: आई उजवीकडे, बाबा उजवीकडे, आजी उजवीकडे. आज्याशी आले की हिशेब सोडून द्यायचे आणि डोळे घट्ट मिटायचे.

ज्या गोष्टीवर माझा विश्वास आहे ती मला सोयीप्रमाणे कापून घ्यायची नाही. नरक नाहीच, असं म्हणून मोकळं होणारी मंडळी मला भेटलीत, आणि मला ते पटत नाही. वस्तीवर जे जे घडताना मी पाहिलं, ज्यांनी ते केलं आणि हसत म्हातारे होऊन गेले, त्यांचा कुठेच हिशेब होणार नसेल तर गरिबानं कोणाच्या तोंडाकडे बघायचं? न्यायाचा दिवस हा आमच्या आयाबायांचा आधार होता. म्हणून मी बायबल पुन्हा काढलं आणि या वेळी घाबरत नाही, तर शोधत वाचलं.

लूकच्या सोळाव्या अध्यायातली श्रीमंत माणूस आणि लाजराची गोष्ट मी शंभरदा ऐकली असेल. प्रत्येक वेळी ती दरी लक्षात राहायची, इकडून तिकडे कोणाला जाता येत नाही अशी. या वेळी दुसरंच दिसलं. लाजर त्या श्रीमंताच्या दाराशी पडलेला असतो. दाराच्या बाहेर. कुत्री येऊन त्याचे फोड चाटतात. गोष्टीत त्याच्या विश्वासाबद्दल एक अक्षर नाही. त्यानं काय कबूल केलं, कोणती प्रार्थना म्हटली, काहीच सांगितलेलं नाही. आणि तो अब्राहामाच्या उराशी, म्हणजे सुखाच्या जागी जातो. आणखी एक. तो श्रीमंत यातनेत असूनही आपल्या पाच भावांची काळजी करतो, त्यांना सावध करा म्हणून विनवतो. अधोलोकातही त्याला भाऊ आठवतात. मग स्वर्गातल्यांना आपली माणसं आठवत नसतील, असं कसं मानायचं?

मत्तयाचा पंचविसावा अध्याय तर मी नीट वाचलाच नव्हता, असं म्हणायला पाहिजे. 'मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही मला खायला दिले' हे न्यायाला बसलेला राजा उजवीकडच्या ज्यांना सांगतो, ते चकित होतात. प्रभू, आम्ही तुला भुकेलेला केव्हा पाहिलं? डावीकडचेही चकितच होतात. म्हणजे त्या दिवशी दोन्हीकडच्यांना आपला निकाल आधी माहीत नसतो. ज्यांना इथेच सगळं माहीत आहे त्यांच्यासाठी त्या गोष्टीत उभं राहायला जागाच नाही.

१९७२ च्या दुष्काळात आजा-आजी खडी फोडायला जायचे. कामावर सुकडी मिळायची. एक बहिरा म्हातारा तिथं होता, त्याला नाव पुकारलेलं ऐकू यायचं नाही, म्हणून त्याचा वाटा दुसरेच उचलायचे. आजा रोज त्याच्याशेजारी खडी फोडायला बसायचा आणि नाव पुकारलं की त्याला कोपरानं ढोसायचा. ज्या दिवशी म्हाताऱ्याचं चुकलं त्या दिवशी आपली सुकडी निम्मी करायचा. आजीनं हे मला तक्रार म्हणून सांगितलं होतं, कारण ती निम्मी शेवटी तिच्या वाट्यातून जायची. मला आता ते तिच्या सुरासकट आठवतं.

ऑफिसात माझी एक मैत्रीण आहे, वैजापूरकडची, कॅथलिक. २ नोव्हेंबरला ती गावी जाते. त्या दिवशी सगळ्या मृतांसाठी मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना असते, कबरी धुऊन त्यावर झेंडू आणि मेणबत्त्या लावतात. मी तिला विचारलं, तुमच्याकडे मेलेल्यांसाठी प्रार्थना केली तर पोचते ना? ती म्हणाली, पोचते. परगेटरी, म्हणजे शुद्ध होण्याची जागा, तिथं असणाऱ्यांना आपल्या प्रार्थनेचा उपयोग होतो. आम्हा प्रोटेस्टंटांना हे शिकवलेलं नाही. पैसे घेऊन पापाची शिक्षा माफ करणाऱ्या क्षमापत्रांच्या बाजाराविरुद्ध ल्यूथर १५१७ साली उभा राहिला, पुढे आमच्या बाजूनं परगेटरी टाकून दिली, आणि कॅथलिकांच्या ट्रेंटच्या परिषदेनं १५६३ मध्ये ती पुन्हा ठामपणे सांगितली. तो बाजार वाईटच होता, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या दुपारी मला तिचा हेवा वाटला. तिच्या हाताला काहीतरी काम आहे. आमच्या भावकीतले जुन्या चालीवरचे लोक सर्वपित्रीला पान ठेवतात, बौद्ध झालेली आत्याची पोरं पुण्यानुमोदन करतात. आम्ही तिसऱ्या दिवसाची प्रार्थना करतो आणि मग आमचे हात मोकळे. माया संपत नाही, आणि करायला काही नाही.

तिनंच मला सांगितलं की त्यांच्या चर्चनं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६४ साली, स्वतःच्या दोषाशिवाय ज्यांना सुवार्ता कळली नाही पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाला धरून वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं असं लिहून ठेवलंय. आणि २००७ मध्ये, बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांसाठीही आशा धरायला कारण आहे, असं त्यांच्या धर्मपंडितांच्या आयोगानं म्हटलं. मी 'आशा' या शब्दापाशी थांबले. खात्री म्हटलेलं नाही. आशा म्हटलंय. पूर्वी ओरिजेन या जुन्या ख्रिस्ती पंडिताच्या नावानं असं शिकवत की शेवटी सगळेच, अगदी सगळे, देवाकडे परत येतील. सहाव्या शतकात चर्चनं ते अमान्य केलं. मला कळतं का ते. सगळे येतीलच असं आपण ठरवून टाकलं तर तीही जबरदस्तीच. पण कोण येणार नाही ते ठरवून टाकणं ही त्याहून मोठी जबरदस्ती आहे. आणि ती कबरीच्या काठावर, विधवा-पोरांसमोर केली जाते, म्हणून जास्त क्रूर आहे.

आमचे पाळकसाहेब निवृत्त होऊन जालन्यात असतात. भेटायला गेले. दारात मोसंबीचं झाड, आत भिंतीवर वचनांचं कॅलेंडर. मी सरळच विचारलं. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "बाई, मी चाळीस वर्षं माती देत आलो. दारुड्याला दिली, सावकाराला दिली, ज्यानं बायकोला जाळायला काढलं होतं त्यालाही दिली. मातीला माती, राखेला राख, धुळीला धूळ, हे प्रत्येकावर म्हटलं. आमच्या दफनविधीच्या पुस्तकात 'हा नरकात गेला' असं म्हणायला कुठं वाक्यच नाही. मी शोधलं होतं एकदा, राग आला होता तेव्हा. नाहीच." एवढं बोलून ते आत गेले आणि माझ्यासाठी पिशवीभर मोसंब्या घेऊन आले.

परतताना बसमध्ये मला नारायण शेषाद्री आठवत होते. जालना भागात मिशनचं काम त्यांनी उभं केलं, निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. १८४३ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा धाकटा भाऊ श्रीपत, अजून पोरसवदा, त्यांच्या मागोमाग मिशनमध्ये गेला होता. वडील कोर्टात गेले, मुलगा वडिलांच्या हवाली झाला, आणि त्याला ब्राह्मण जातीत परत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकरांना सगळ्यांशी झगडावं लागलं. शाळेत ही गोष्ट सुधारणेची म्हणून शिकलो. त्या दोन भावांची म्हणून कोणी सांगितली नाही. एक आत, एक बाहेर. कोण आत आणि कोण बाहेर, हे ज्याच्या त्याच्या दारावर अवलंबून. आयुष्यभर त्यांनी एकमेकांचा विचार कसा केला असेल?

आजीला याची भीती नव्हती का, असं मला नेहमी वाटायचं. तिच्याशी मरणाबद्दल बोलता यायचं, भाजीबद्दल बोलावं तसं. तिच्या डाव्या हाताच्या करंगळीचं पेर विळ्यानं गेलं होतं, ज्वारी काढताना, लग्नानंतरच्या पहिल्याच सुगीत. आम्ही विश्वासांगीकार म्हणताना देहाच्या पुनरुत्थानावर विश्वास आहे असं म्हणतो. तिला ते अगदी शब्दशः वाटायचं, आणि बरोबरच आहे. आपण सहज 'देवाघरी गेला' म्हणतो, आत्मा उडून गेला म्हणतो, पण आमचा विश्वास देह पुन्हा उठेल असा आहे. पौलानं पेरलेल्या दाण्याचा दाखला दिलाय: जे पेरतो ते मेल्याशिवाय जिवंत होत नाही. तो आजीला समजावून सांगावा लागला नाही. तिनं फक्त एकदा विचारलं, "माजं पेर येईल का गं तितं परत?" मी म्हटलं, येईल. ती विचार करून म्हणाली, "प्रभूच्या हाताला तर खिळ्याचं वण तसंच ऱ्हायलं. मग माजंबी ऱ्हाऊ दे. तुझ्या आज्याला वळखू यायला पायजे."

मी तेव्हा बी. ए. करत होते आणि शहाणपणा दाखवायची हौस होती. म्हटलं, आजी, प्रभूनं तर सांगितलंय की पुनरुत्थानात कोणी लग्न करत नाही, लग्न करून देत नाही. तिथं नवरा-बायको असं काही नसतं. ती शेंगा फोडत होती. हात न थांबवता म्हणाली, "नवरा नसंल तर नसंल. वळख तर ऱ्हाईल का न्हाई?"

त्या वेळी मला एवढंच लक्षात आलं की आजी भोळी आहे. तिनं आज्याला तिथं धरूनच चाललेलं होतं, हे मला परवा कळलं.

प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायात त्या पवित्र नगराचं वर्णन आहे. उंच तट आणि बारा वेशी. आमच्या मराठी बायबलात 'वेशी' हाच शब्द आहे. आणि पुढं म्हटलंय की त्या वेशी दिवसा कधी बंद होणार नाहीत, आणि रात्र तर तिथं नाहीच. ज्यांच्या कितीतरी पिढ्या वेशीबाहेर राहिल्या, दिवेलागणीनंतर ज्यांना आत यायची बंदी होती, त्यांनी हे पहिल्यांदा ऐकलं असेल तेव्हा त्यांच्या पोटात काय झालं असेल? मला वाटतं आमच्या खापरपणजीनं बाप्तिस्मा घेतला तो या एका शब्दासाठी. त्याच पुस्तकाच्या शेवटी बाहेर राहणाऱ्यांचीही यादी आहे, मी ती लपवत नाही. खुनी, मूर्तिपूजक, लबाडी करणारे. त्या यादीवर बोट ठेवून आज्याचं नाव घेणारे असतील. पण इब्री लोकांच्या पत्रात लिहिलंय की येशूनं मरण सोसलं ते वेशीबाहेर. ज्या बाजूला आज्याचा जन्म गेला त्या बाजूला. लिंबाखाली बसलेल्या माणसाला तो आतून बोलावत होता की त्याच्याजवळ येऊन बसला होता, हे मला छाती ठोकून सांगता येणार नाही. मी आशा धरली आहे, आणि ती कोणाच्या सांगण्यावरून सोडणार नाही.

नाताळच्या आधी पुन्हा गावी गेले, काकूंना घेऊन गायरानाकडं गेले. इतक्या वर्षांत मी तिकडे फिरकले नव्हते, याची लाज वाटत होती. गायरानाचा बराच भाग आता कोणी कोणी वहितीत घेतलाय. कडेला कापसाची शेवटची वेचणी चालली होती, पळाट्या सुकून करकरत होत्या. जागा नेमकी कुठली, काकूंनाही आठवेना. एक म्हातारा शेळ्या घेऊन आला. काकूंनी सासऱ्याचं नाव सांगितलं, हलगीवाले म्हणून सांगितलं. त्यानं काठीनं दाखवलं. बाभळीच्या बुडाशी नीट रचलेल्या दगडांची एक ओळ होती, गुडघाभर गवतात, पण रचलेली.

"ही कोणी रचली?" काकूंनी विचारलं.

"तुमच्या सासूनं," तो म्हणाला. "दरसाल यायची की. उन्हाळ्यात, तुमचा तो सण असतो बगा, पहाटं मेणबत्त्या लावता त्यो. त्या दिशी दुपारच्याला. पार चालायचं व्हईना तवर येत व्हती."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. ईस्टरला पहाटेची उपासना करून आजी दुपारी 'जरा पडते' म्हणायची आणि संध्याकाळी पायाला धूळ घेऊन परत यायची. आम्हाला वाटायचं वस्तीत कोणाकडे गेली असेल.

"येऊन काय करायच्या?" मी विचारलं.

"काय न्हाई. हितं बाहेरच्या अंगाला बसायची," त्यानं ओळीच्या अलीकडची मोकळी जागा दाखवली. "गाणं म्हणायची बारीक आवाजात. अन् हातानं मांडीवर ठेका धरायची."

शेळ्या पुढं गेल्या होत्या. तो त्यांच्या मागं गेला. काकूंनी चपला काढल्या आणि त्या जागेवर बसल्या, मग मीही बसले.